कागदाइतकी जागा

"हिच्या हातच्या कवळीनं अख्खं गाव चणे फोडतंय, आणि मला मेलं उकडलेला बटाटा चावता येत नाही."

सासूबाई हे स्वतःशीच म्हणाल्या. पण आमच्या स्वयंपाकघरात दोन बायका पाठीला पाठ लावूनच उभ्या राहू शकतात, तिथे स्वतःशी म्हणायला वेगळी जागा नाही.

"काढा, बघते," मी म्हटलं.

"राहू दे. तू बघितलंस की अजून दोन दिवस जास्त टोचते."

आमचा धंदा कवळ्यांचा. रस्त्याकडच्या खोलीत कामाचं टेबल, मागे हे स्वयंपाकघर, त्याच्यामागे दोन खोल्या. बाहेर पाटी आहे, पण गिऱ्हाईक आमच्या दारात येत नाही. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचा ठसा घेऊन माझ्याकडे पाठवतात. मी त्यात प्लास्टर ओतून जबडा तयार करते, त्या जबड्यावर मेणात एकेक दात बसवते. डॉक्टर ते मेणाचं काम रोग्याच्या तोंडात घालून बघतात, सुधारणा कळवतात, आणि सगळं जमलं की मी ते साच्यात घालून शिजवते, मेण जाऊन त्या जागी गुलाबी हिरडी येते. ज्याचे दात करते त्याचं तोंड मी कधी बघत नाही. रस्त्यात एखादे आजोबा हसले तर मला चेहरा ओळखू येत नाही, हसू ओळखू येतं.

सासूबाईंचं दुखणं मात्र माझ्या हाताबाहेरचं. त्यांच्या टाळूच्या मधोमध हाडाचा उंचवटा आहे, सोललेल्या बदामाएवढा. तो काही रोग नव्हे. काही घराण्यांत नाक मोठं असतं तसा जन्मापासूनचा. कवळी त्या उंचवट्यावर टेकली की दोन्ही बाजूंना डुलते, आणि प्रत्येक घासाला नेमकी तिथेच चेपते. म्हणून अशा टाळूची कवळी करताना प्लास्टरच्या जबड्यावर, त्या उंचवट्यापुरता, पातळ पत्रा चिकटवायचा. चॉकलेटला गुंडाळलेला असतो ना चांदीचा कागद, साधारण तसा. तेवढी पोकळी कवळीत राहते आणि माणूस सुखानं जेवतो. पण म्हातारपणी हिरडी झिजत जाते आणि हाड तिथल्या तिथे राहतं, त्यामुळे मी कितीही जागा सोडली तरी दोन वर्षांनी आमचं पुन्हा बटाट्यावरून सुरू होतं.

तो उंचवटा माझ्या नवऱ्याला होता. माझ्या मुलीलाही आहे. लहानपणी तिचे पुढचे दोन दात एवढे पुढे होते की आजीनं तिचं नाव खारूताई ठेवलं. आता एकोणीस वर्षांची झाली, दात कधीच रांगेत आले, तरी घरात ती खारूच. सकाळी कॉलेजात जाते आणि दुपारपासून माझ्या शेजारी बसून काम शिकते. मला कुणी शिकवलं नव्हतं, त्यामुळे तिला मी जरा जास्तच शिकवते.

त्या सोमवारी दवाखान्यातली बाई ठसे घेऊन आली. एरवी टेकून बसते, चहा घेते, डॉक्टरांच्या बायकोचं काहीबाही सांगते. त्या दिवशी पुडकं टेबलावर ठेवलं आणि चपलाही काढल्या नाहीत.

"याच्यावर नाव नाही," मी म्हटलं. प्रत्येक ठशाला रोग्याच्या नावाची चिठ्ठी असते. हिच्यावर नुसता लांबलचक आकडा होता.

"सरकारी आहे," ती कॅलेंडरकडे बघत म्हणाली आणि गेली.

डॉक्टर दर गुरुवारी तुरुंगात जातात, कैद्यांचे दात बघायला. ते मला माहीत होतं. तिथल्या कवळ्या तिथल्याच ठेक्यात होतात, हेही माहीत होतं. सतरा वर्षांत त्यांनी तिथला एकही ठसा माझ्याकडे पाठवला नव्हता, आणि का नाही पाठवत असं मी विचारलं नव्हतं. वाटलं, ठेका बदलला असेल.

प्लास्टर ओतलं, घट्ट व्हायला ठेवलं, तोवर भांडी घासली. तासाभरानं ठसा सोडवला. नवीन जबडा हातात आला की मी त्याच्याकडे बघत नाही, आधी अंगठा फिरवते. अंगठ्याला डोळ्यांपेक्षा जास्त कळतं. मागून पुढे येताना मधोमध तो उंचवटा लागला. बदामाएवढा, जरासा डावीकडे कललेला, मध्ये नखानं ओढल्यासारखी चीर. ही चीर मी सासूबाईंच्या जबड्यावर पाच वेळा पत्र्यानं झाकली आहे.

मी जबडा खाली ठेवला आणि हात धुऊन आले. हात स्वच्छ होते.

ते झालं तेव्हा खारू अडीच वर्षांची होती. आमच्या घरात असंच म्हणतात, ते झालं तेव्हा. सासूबाई कधी 'तो प्रकार' म्हणतात, आणि मी बहुतेक वेळा काहीच म्हणत नाही. दुसरा एक शब्द आहे, वर्तमानपत्रात होता, कोर्टात दिवसातून वीस वेळा ऐकू यायचा. तो आमच्या उंबऱ्याच्या आत आला नाही.

दोघे भाऊ याच टेबलावर काम करायचे. मोठा माझा नवरा, धाकटा माझा दीर. दोघांचेही हात चांगले, पण मोठ्याचा स्वभाव मास्तरचा. धाकटा दात लावायचा ते कंगव्यासारखे, सरळ, एकसारखे. मोठा म्हणायचा, माणसाच्या तोंडात असे दात नसतात, समोरचा एक तरी किंचित तिरका हवा, तेव्हा बघणाऱ्याला खरे वाटतात. धाकट्याला ते पटायचं नाही. मोठा मग त्याचं काम उचलून उकळत्या पाण्यात टाकायचा. मेण वितळतं, दात तळाला जातात, आणि परत पहिल्यापासून. 'परत लाव.' हे दोन शब्द मी या घरात किती वेळा ऐकले असतील. मी हसायचेही कधीकधी. भावाभावांचं चाललंय, आपल्याला काय करायचंय.

त्या दिवशी मोठ्यानं डॉक्टरांच्या माणसासमोर ते केलं. दोन दिवसांचं काम पाण्यात. धाकटा उठला आणि बाहेर गेला. कोपऱ्यावर न्हाव्याचं दुकान होतं, त्याच्या बाकावर बसला. न्हाव्यानं कोर्टात सांगितलं, दहा-बारा मिनिटं बसला होता, मला किती वाजले विचारलं, मी सांगितले, मग उठून गेला. त्या दहा मिनिटांवरच सगळा खटला उभा राहिला. रागाच्या भरात हात उचलला असता तर गोष्ट वेगळी होती, वकील म्हणाले. हा गेला, बसला, वेळ विचारली आणि परत आला.

मोठा टेबलावर ओणवा होऊन पाण्यातले दात गोळा करत होता. धाकट्यानं दाबयंत्राचा लोखंडी दांडा काढला. तीन वेळा.

मी आत खारूला भरवत होते. मला तिन्ही आवाज ऐकू आले. कवळी शिजली की पितळी साचा उलटा करून आतलं प्लास्टर ठोकून काढायचं असतं, त्याचा आवाज असाच असतो, बसका. मला वाटलं, साचा फोडतायत. मी खारूला म्हटलंसुद्धा, बघ, बाबा साचा फोडतोय. आणि पुढचा घास दिला.

दुसऱ्या कुठल्याही घरातली बाई धावत गेली असती.

धाकटा पळाला नाही. खालीच बसून राहिला. त्याला नेलं, मोठ्याला नेलं, आणि टेबलावर तीन कवळ्या अर्धवट राहिल्या. तीन म्हातारी माणसं कुठेतरी दाताविना पेज पीत होती. पंधरा दिवसांनी मी त्या पुऱ्या केल्या. कशा केल्या विचारू नका. बघून बघून जेवढं हातात आलं होतं तेवढ्यावर. डॉक्टर तेव्हा नवीन होते, त्यांनी त्या मुकाट्यानं घेतल्या आणि पुढच्या आठवड्यात चौथा ठसा पाठवला. असं माझं शिक्षण झालं.

सासूबाई महिन्यातून एकदा त्यांच्या बहिणीकडे जातात. सकाळची बस पकडतात, पिशवीत फळं घेतात, संध्याकाळी परत येतात. बहीण वारून सहा वर्षं झाली. तरी जातात, आणि मी विचारते, "कशी आहे मावशी?" त्या म्हणतात, "आहे तशीच." आणि मी ताट वाढते.

मंगळवारी मी दवाखान्यात गेले. दुपारची वेळ, बाहेर कुणी नव्हतं.

"वहिनी, बसा ना," डॉक्टर म्हणाले.

"तो ठसा कोणाचा ते मला कळलंय."

त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसायची काही गरज नव्हती. "मी म्हटलं होतं बाईंना, वहिनी ओळखतील. तर म्हणाल्या, प्लास्टरवर काय नाव कोरलेलं असतं का."

"कुठल्या बाईंना?"

"तुमच्या सासूबाईंना. गेल्या महिन्यात आल्या होत्या. रांगेत बसल्या. मी म्हटलं तुम्ही आधी या, तर सगळ्यांना पुढे सोडलं आणि शेवटी आत आल्या. म्हणाल्या, तिथली कवळी नको, तिथल्या कवळ्या त्याला बोचतील. घरची हवी." त्यांनी चष्मा परत चढवला. "त्याचे सगळेच काढावे लागले, वहिनी. खालचे-वरचे. आणि आता सुटतोय तो. दीड महिना राहिलाय. तुम्हाला पत्र आलं असेल."

पत्र आलं होतं. सासूबाईंनी ते तांदळाच्या डब्याखाली ठेवलं होतं. मी ते काढून वाचलं आणि पुन्हा डब्याखाली ठेवलं, पण घडी उलटी पडली, म्हणजे मी वाचलंय हे त्यांना कळलं. दोन महिने आम्ही दोघी त्या डब्यातून तांदूळ काढत होतो.

"तुम्हाला नको असेल तर मी दुसरीकडे देतो," डॉक्टर म्हणाले. "खरं म्हणजे मी द्यायलाच नको होता. पण त्या अशा बसल्या होत्या समोर."

"राहू द्या," मी म्हटलं. "करते मी."

त्यांना वाटलं, केवढं हे मन. ते दारापर्यंत सोडायला आले. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

सतरा वर्षं मी अधूनमधून विचार करत असे, तो समोर आला तर मी काय करीन. भाजी चिरताना, खारूच्या वेण्या घालताना. कधी वाटायचं ओरडेन, कधी वाटायचं तोंडावर दार लावीन, आणि काही गोष्टी अशा वाटायच्या की त्या इथे लिहीत नाही. आणि शेवटी माझ्या हातात आलं काय, तर कागदाइतकी जागा. ती सोडायची की नाही, एवढंच.

मी पत्रा लावला नाही.

बाकी सगळं काम मी नेहमीसारखं केलं. कडा गुळगुळीत केल्या, चावा जुळवला, दातांचा रंग त्याच्या वयाला शोभेल असा जरा पिवळट घेतला. कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, काय सुरेख हात आहे बाईचा. फक्त टाळूशी, मधोमध, ती कवळी त्याला टेकणार होती. पहिल्या घासाला नुसती जाणवली असती. आठवड्यानं लाल झालं असतं. आणि मग दिवसातून तीन वेळा, तो जिवंत असेपर्यंत, प्रत्येक घासाला त्याला माझी आठवण झाली असती. त्या दोन दिवसांत मला झोप छान लागली, हे सांगायला हवं.

बुधवारी मेणाचं काम पाठवलं, शुक्रवारी परत आलं. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी होती.

'टाळूवर हलते. जागा सोडायला हवी असं माझं मत. रुग्ण मात्र म्हणतो, बरोबर आहे, आहे तशीच राहू द्या. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच. आरसा मागून घेतला होता, बराच वेळ बघत होता.'

आरशाचं वाचलं आणि मी मेणातले दात बघितले. वरचा डावीकडचा, समोरून दुसरा, किंचित तिरका लावलेला होता. मी मुद्दाम नव्हता लावला. मी सगळ्यांनाच तसा लावते, सतरा वर्षं, हात आपोआप तिकडे वळतो. मोठ्याची खोड ती, मी बघून बघून उचललेली. त्या आरशात त्याला भावाचा हात दिसला असणार.

आणि टाळूचं तर त्याला जिभेनंच कळलं असणार. तो काही साधा रोगी नव्हता. आईच्या पहिल्या दोन कवळ्या त्यानंच केल्या होत्या, तो पत्रा त्यानंच लावला होता. जागा कुठे सोडायची असते आणि ती विसरून राहिलीय की मुद्दाम ठेवलेली नाही, हे त्याला कळायला घास लागणार नव्हता.

आहे तशीच राहू द्या.

मला एवढा संताप आला की मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन उभी राहिले. समोरच्या शिंपिणीनं विचारलं, "काय झालं ग, वीज गेली का?" मी म्हटलं, "हो." तिच्या दुकानात पंखा फिरत होता. तिनं एकदा पंख्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि मशीन चालवायला लागली.

शनिवारी संध्याकाळी ते काम टेबलावर होतं. दिवे नुकतेच लागले होते, अर्धं दार लोटलेलं. रविवारी सकाळी साचा भरून शिजवायला टाकायचा होता. एकदा शिजलं की मग कानसेनं कितीही घासलं तरी मेणातलं नीटपण येत नाही. खारू माझ्या शेजारी बसून जबडे पुसून ठेवत होती.

"आई, याला पत्रा लावायचा विसरलीस."

"नाही विसरले."

"अगं, केवढा उंचवटा आहे बघ." तिनं अंगठा फिरवला. मीच शिकवलंय तिला, आधी अंगठा. अंगठा मागून पुढे आला, तिथे थांबला, पुन्हा मागे गेला. मग तिचा गाल हलला. ती जिभेनं स्वतःची टाळू बघत होती.

"आई," ती म्हणाली, "हा काका आहे?"

हा शब्दही आमच्या घरात कुणी वापरत नसे. स्वयंपाकघराच्या दारात भांडं वाजलं. सासूबाई चहा घेऊन आल्या होत्या, तिथेच उभ्या राहिल्या.

"म्हणजे ओळखलंस तू," त्या मला म्हणाल्या.

"तुम्हाला काय वाटलं, मी ओळखणार नाही?"

"वाटलं, ओळखशील. पण बोलणार नाहीस. आपण कुठे काय बोलतो."

त्यांनी कप टेबलाच्या कडेला ठेवले, दोन आमचे, एक त्यांचा. खारूनं जबडा तसाच हातात धरला होता, जिवंत काही धरावं तसा.

"पत्रा नाही लावला तर काय होईल?" तिनं विचारलं. तिला माहीत होतं. तरी विचारलं.

"काय होईल ते मला विचार," सासूबाई म्हणाल्या, आणि मग त्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली घेतली नाही. कशाला घेऊ. पण ती नजर मला वाटली होती तशी नव्हती. राग नव्हता तिच्यात, आश्चर्यही नव्हतं. त्या स्टुलावर बसल्या.

मी चिठ्ठी खारूकडे सरकवली. तिनं ती मोठ्यानं वाचली, आणि आरशाशी येऊन तिचा आवाज बारीक झाला.

"म्हणजे त्याला कळलंय," सासूबाई म्हणाल्या.

"कळणारच. तो काय गिऱ्हाईक आहे?" मी म्हटलं. "सतरा वर्षांत मला त्याचं एवढंच करता आलं, आई. एवढंसं. आणि तेही त्यानं असं घेतलं, जसा काही मी चहा पुढे केला. आता मी पत्रा लावला तर त्याला वाटेल माफ केलं. नाही लावला तर तो म्हणेल, बरोबर आहे, राहू द्या. कसंही केलं तरी तो शहाणा."

खारूनं कप उचलला आणि न पिता ठेवला.

मी खण उघडला. पत्र्याची गुंडाळी काढली, कात्रीनं तुकडा कापला. जबडा खारूच्या हातातून घेतला. तुकडा त्या उंचवट्यावर ठेवून अंगठ्यानं दाबत नेला, मधून कडेकडे, चीर झाकली जाईपर्यंत. हे काम मला डोळे मिटून येतं. कडा चिकटवल्या.

"मी डुलणारी कवळी माझ्या टेबलावरून बाहेर पाठवत नाही, म्हणून लावलाय," मी म्हटलं. "त्याचा दुसरा काही अर्थ नाही. तुम्ही पुढच्या वेळी जाल तेव्हा सांगा त्याला. आणि मावशीकडे जाते असं आता म्हणू नका, मावशीला सुखानं मरू द्या."

खारूच्या तोंडून हसल्यासारखा आवाज निघाला आणि तिनं तोंडावर हात ठेवला. सासूबाई हसल्या नाहीत.

"आणि तो सुटल्यावर इथे येणार असेल," मी पुढे म्हटलं, कारण आता बोलायला लागलेच होते, "तर मी आणि खारू दुसरीकडे राहू. टेबल नेऊ. मी तुम्हाला अडवणार नाही, तुमचा मुलगा आहे. तुम्हाला तो हवा असणार. तुम्ही त्याला केव्हाच माफ केलंत, म्हणून तर जाता महिन्याच्या महिन्याला, फळं घेऊन. मला त्या माफीचा राग येतो, खोटं कशाला बोलू. ताट वाढताना दर वेळी यायचा. पण ते तुमचं तुम्ही केलंत. मला जमत नाही."

"तू असं समजतेस?" सासूबाई म्हणाल्या.

"मग काय समजू?"

त्या टेबलाकडे बघत होत्या. बोटानं त्यांनी लाकडावरचं वाळलेलं मेण खरवडायला सुरुवात केली.

"तिथे काच असते मध्ये," त्या म्हणाल्या. "फोनवर बोलायचं. वीस मिनिटं देतात. ती वीस मिनिटं मी एकटीच बोलते. भाजी किती महागली, नळाला पाणी कधी येतं, शिंपिणीच्या सुनेला काय झालं. खारूचे मार्क सांगते. दोन-दोनदा सांगते. तो ऐकतो. मी थांबतच नाही."

"का?" खारूनं विचारलं.

"थांबले तर तो विचारील." मेणाचा कपचा निघाला, त्यांनी तो तळहातावर घेतला. "एकदा मला ठसका लागला, पाणी प्यायला थांबले. तेवढ्यात तो म्हणाला, आई. नुसतं एवढंच. मी लगेच नळाचं सांगायला लागले."

"काय विचारील, आजी?"

सासूबाईंनी जबड्याकडे बघितलं. पत्र्यावर दिवा चमकत होता. त्यांनी हात पुढे केला, पण लावला नाही, मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग खारूकडे, आणि बोलल्या त्या खारूशी, शाळेतल्या मुलाला धडा समजावून सांगावा तशा सावकाश.

"माझ्या धाकट्यानं माझ्या मोठ्याचा खून केला. बाहेर जाऊन बसला, वेळ विचारली, परत आला आणि खून केला. मी नाही गेले तर त्याच्याकडे कुणीच जाणार नाही, म्हणून मी जाते. पण मी त्याला माफ केलेलं नाही ग. सतरा वर्षं दर महिन्याला ठरवून जाते, की आज करीन. होत नाही माझ्याच्यानं."